बुरशीचा भाग कापून उरलेले अन्न खाल्ले तर चालते का?

प्रश्न

ब्रेडच्या पुड्यातील एका स्लाइसच्या कडेला हिरवट ठिपका दिसला. बाकीच्या स्लाइस वरवर पाहता चांगल्या होत्या. घरात लगेच दोन पक्ष पडले. एकाच्या मते तेवढी कड काढून ब्रेड खरपूस भाजला की झाले, कारण उष्णतेने बुरशी मरते. दुसऱ्याच्या मते सगळा पुडाच टाकून द्यावा. त्यातच असे लक्षात आले की त्याच पुड्यातील एक स्लाइस सकाळी कोणीतरी खाऊनही टाकली होती. फ्रिजमधील घट्ट चीजच्या तुकड्यावरही पांढरी बुरशी आली आहे, आणि चीज तर बुरशी वापरूनच करतात, मग ते का टाकायचे, असाही मुद्दा निघाला. कोणता पदार्थ कापून वापरावा आणि कोणता पूर्ण टाकावा, हे ठरवण्यास काही आधार आहे का?

प्रतिसाद १

आधार आहे. पदार्थ किती ओला आणि किती घट्ट आहे, हे पाहावे. आपल्याला दिसणारा हिरवा किंवा काळा ठिपका हा बुरशीचा बीजाणू (ज्यांतून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण) तयार करणारा भाग असतो. तो दिसू लागेपर्यंत तिचे तंतू पदार्थात शिरलेले असतात आणि ते सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. ठिपका असलेली स्लाइस प्रकाशात धरून हळूच फाडली, तर कधीकधी ठिपक्याच्या बऱ्याच पलीकडे, जेथे रंग अजिबात बदललेला नाही तेथेही, कापसासारखी विरळ पांढरी जाळी आढळते. ब्रेड सच्छिद्र असल्याने तंतूंना त्यात अडसर नसतो, शिवाय पुडा हलवला की बीजाणू सगळ्या स्लाइसवर पसरतात. म्हणून पुडा पूर्ण टाकावा. शिजवलेला भात, दही, मऊ फळे, मऊ किंवा किसलेले चीज यांनाही हेच लागू आहे.

घट्ट चीज, गाजर, कोबी यांत तंतू सहज खोल जात नाहीत. तेथे बुरशीच्या भोवती आणि खाली किमान अडीच सेंटीमीटर भाग काढून उरलेला वापरता येतो. मात्र सुरी बुरशीला लागू देऊ नये, नाहीतर तीच सुरी ती चांगल्या भागात नेते. चीजमध्ये मुद्दाम घातली जाणारी बुरशी (निळ्या चीजमधील पेनिसिलियम रोकफोर्टी, कॅमेंबेअर या मऊ चीजवरील पेनिसिलियम कॅमेंबर्टी) निवडून वाढवलेली असते. फ्रिजमध्ये आपणहून उगवलेली बुरशी कोणत्या जातीची आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

प्रतिसाद २

मी जॅमवरचा बुरशीचा थर चमच्याने काढून टाकतो आणि खालचा जॅम खातो. आजवर काहीही झालेले नाही. साखरेत बुरशी टिकत नाही, असेच मी धरून चालतो. पेनिसिलिनही बुरशीपासूनच मिळाले ना?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

पेनिसिलिनचा दाखला येथे लागू पडत नाही. 1928 मध्ये शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका विशिष्ट बुरशीत ते द्रव्य आढळले आणि पुढे ते शुद्ध करून औषध झाले. बरणीतील बुरशी तीच असेल असे मानायला आधार नाही. साखरेमुळे बहुतेक जिवाणूंना पाणी मिळत नाही हे खरे, पण अनेक बुरशींना फारच थोडे पाणी पुरते, म्हणून तर जॅमवर त्याच वाढतात. आणि काही झाले नाही, हा युक्तिवाद तेवढ्यापुरताच आहे: बुरशीतील काही विषद्रव्यांचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, तो वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेल्यावर दिसतो.

प्रतिसाद ३

भाजण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांतील समजूत तीच आहे. उष्णतेने बुरशी मरते, परंतु तिने आधीच तयार केलेले विषद्रव्य त्यामुळे नाहीसे होते असे नाही. शेंगदाणे, मका आणि सुकामेव्यावर वाढणाऱ्या अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विषद्रव्य नेहमीच्या स्वयंपाकाच्या तापमानाला बऱ्याच प्रमाणात टिकते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि त्याचे मूळ त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत सापडले. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन उजेडात आले. 2004 मध्ये केनियात बुरसलेल्या मक्यामुळे 125 जणांचा मृत्यू झाला. यकृताच्या कर्करोगाशी अफ्लाटॉक्सिनचा संबंध पक्का ठरलेला आहे. म्हणून दाणे सुरकुतलेले, काळपट किंवा बुरसट वासाचे असतील, तर निवडत बसण्यापेक्षा ते टाकावेत. गुराढोरांनाही घालू नयेत, कारण हे विष रूपांतरित होऊन दुधात उतरते.

प्रश्नकर्त्याची पुढील विचारणा

आभार. पण सकाळी स्लाइस खाल्लेल्या व्यक्तीचे काय?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

निरोगी माणसाला एखाद्या स्लाइसने सहसा काही होत नाही. मुद्दाम उलटी करवू नये. सतत उलट्या, तीव्र पोटदुखी, ताप किंवा श्वासाला त्रास झाला, तर डॉक्टरांकडे जावे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, तसेच बुरशीची अॅलर्जी असलेल्यांनी मात्र लक्षणांची वाट न पाहता विचारून घ्यावे. आणि पुडा टाकताना तो हुंगून पाहू नका, बीजाणू नाकात जातात; पिशवीत बांधून टाका आणि तो जेथे ठेवला होता ती जागा पुसून कोरडी करा, कारण फ्रिजमध्येही बुरशीची वाढ मंदावते, थांबत नाही.