शब्दाच्या मागे ईडी

कोपरखैरणेची_आई

चिरंजीव तिसरीत, इंग्रजी माध्यम. मी आणि नवरा दोघंही मराठी माध्यमाचे, त्यामुळे इंग्रजीची वही उघडली की आधी आमचाच घसा कोरडा पडतो. परवा गृहपाठ आला: चार अक्षरी दहा क्रियापदं लिहा, शेवटी ई-डी हवं आणि अर्थ भूतकाळाचा हवा. नवऱ्याने लगेच विनोद केला, ज्याच्या मागे ईडी लागली तो भूतकाळात जमा. पोराने तो वर्गात जाऊन सांगितला, ते रामायण वेगळंच.

यूज्ड, डाइड, लाइड, टाइड, ओड, एज्ड, आइस्ड ही सात त्याची त्याने काढली. उरलेली तीन मी ठाण्याहून घरी येताना लोकलमध्ये उभ्या उभ्या सुचवली: सीड, नीड, शेड. सीडचं श्रेय सर्वस्वी माझं. फ्रीचं फ्रीड होतं, अ‍ॅग्रीचं अ‍ॅग्रीड होतं, मग सीचं सीड का नको? फोनवर बघितलं तर शब्दकोशात सीड होताच. अर्थ वाचायच्या आत ऐरोली आलं, गर्दी आत घुसली, फोन पर्समध्ये गेला. वही परत आली तेव्हा तिन्हींभोवती लाल गोळे. पोरगा म्हणतो, "आई, तू बी पेरलंस."

आता त्याचे दोन प्रश्न आहेत. लिहिताना सगळीकडे ई-डी, मग बोलताना वॉक्ट, प्लेड, वॉन्टेड अशा तीन तऱ्हा कशाला? आणि फीडचं फेड होतं, फीडेड का नाही? "तसंच असतं" हे उत्तर मी दोनदा वापरलंय, तिसऱ्यांदा चालणार नाही.

नौपाड्याचे_मास्तर

ताई, ठाण्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी मराठी माध्यमाच्या पोरांना. आधी एक सांगतो, शेडवरचा गोळा चुकीचा आहे. झाडाने पानं गाळली हे इंग्रजीत सांगायचं तर वर्तमानातही शेड आणि भूतकाळातही शेडच. वही घेऊन बाईंना भेटा, पण भांडायला जाऊ नका. सीड आणि नीडवरचे गोळे मात्र गुमान सोसा.

आता पहिला प्रश्न. पोराला गळ्यावर दोन बोटं ठेवायला सांगा. स्स्स म्हणायला लावा, मग झ्झ्झ. सला बोटांना काही लागणार नाही, झला गुणगुण लागेल. आपल्या व्याकरणात हीच कठोर आणि मृदू व्यंजनं. वॉकच्या शेवटी क, स्टॉपच्या शेवटी प, किसच्या शेवटी स, सगळी कठोर, म्हणून पुढचा डही कठोर होऊन ट होतो. प्ले स्वरावर संपतं, कॉलमध्ये ल आहे, तिथे डचा ड राहतो. शब्द मुळातच ट किंवा डवर संपत असेल तर त्याला लगेच दुसरा ड चिकटवता येत नाही, जीभ अडते. मग मध्ये इ घालायची: वॉन्टेड, नीडेड.

तुम्ही शाळेत विपद् अधिक काल बरोबर विपत्काल घोकलं असेलच. पुढच्या कठोर कमुळे आधीच्या दचा त झाला. इंग्रजीत तोच मामला उलटा आहे, मागचा कठोर आवाज पुढच्याला कठोर करतो. आपण निदान ऐकू येतं तसं लिहितो. इंग्रजांनी लिहिणं जुनंच ठेवलं आणि बोलणं बदललं. एके काळी हा ई सगळीकडे स्पष्ट ऐकू येत असे. तो गिळायची सवय वाढली तेव्हा 1712 साली जोनाथन स्विफ्टने छापून तक्रार केली होती. कोणी ऐकलं नाही.

फीडचं दुखणं वेगळं. त्याच्या शेवटी ड आहेच. जुन्या इंग्रजीत त्याला भूतकाळाचा आणखी एक ड लागायचा आणि फेड्डे असं काहीसं रूप व्हायचं. जोडाक्षर आलं की आधीचा लांब स्वर आखडायचा. पुढे शेवटचा ए गळाला, फेड उरलं. लेड, ब्लेड, ब्रेड, स्पेड यांचीही तीच कथा. (ब्लेड म्हणजे रक्त आलं, दाढीचं नव्हे. ब्रेडही पावाचा नव्हे, स्पेड फावड्याचा नव्हे. देवनागरीत लिहिलं की असा घोळ होतो.) हे तिन्ही चार अक्षरी आहेत, तुमच्या यादीत फुकट बसले असते. आणि स्वर आखडण्यात नवल काय, मूलला "ला" लावला की मुलाला होतं, फूलचं फुलाला. आपण कधी विचारलं का?

रबाळे_लोकल

आपल्याकडे तरी कुठे सरळ आहे? चालला, खेळला, बसला ठीक. मग करचं केला, जाचं गेला, घेचं घेतला. हा त कुठून आला? आमची अडीच वर्षांची कन्या ठामपणे "मी करलं" म्हणते आणि नियमाने बघितलं तर तीच बरोबर. वर "ला" दिसला की भूतकाळ असंही नाही. कला, किल्ला, मला, तुला, एकही गेलेला नाही. प्याला तर दोन्हीकडून: पाणी प्याला आणि पाण्याचा प्याला. ताई, तुमचं सीड असंच समजा.

कोपरखैरणेची_आई

सर, काल जेवताना चौघंही गळ्याला हात लावून बसलो होतो. सासूबाई बाहेरून आल्या, त्यांना वाटलं कुणाच्या घशात काटा अडकला, धावत जाऊन भाताचा गोळा घेऊन आल्या. पापलेट होतं, त्यामुळे त्यांचंही चुकलं नाही. पोराने मात्र पंधरा मिनिटांत वॉश्ट, हेल्प्ट, क्लीन्ड सगळं बिनचूक वेगळं केलं. मला लाफ्टला अडायला झालं, कारण लिहिताना शेवटी जी-एच. तो म्हणाला, "आई, बघू नको, नुसतं म्हण." फ निघाला, म्हणजे ट.

बाईंनी शेडचा गोळा खोडला आणि शेजारी बारीक अक्षरात सॉरी लिहिलं. मला ते फार आवडलं.

आता नवीन प्रश्न: स्टॉप्टमध्ये पी दोनदा का आणि हेल्प्टमध्ये एकदाच का? सर, आहात ना?

नौपाड्याचे_मास्तर

आहे. स्टॉपमध्ये पीच्या आधी एकटा आखूड स्वर आहे, एकच पी ठेवला तर वाचणारा स्टोप्ट म्हणेल, होपचं होप्ट होतं तसं. दुसरा पी स्वराला दाबून धरायला. हेल्पमध्ये ते काम एल करतो. त्याला आता होप्ट आणि हॉप्ट शेजारी शेजारी लिहायला द्या. आणि पापलेटला काटे कमी असतात, सासूबाईंना सांगा.