हायस्कूलमधला दिवस घरी रोज कळायला हवा की नको?

खानापूरकडची आई

आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात राहतो. माझी मुलगी नववीत आहे. सातवीपर्यंत ती गावातल्याच मराठी शाळेत होती. गुरुजी डेअरीवर भेटायचे, देवळापाशी भेटायचे. "आज खोकत होती, उद्या पाठवू नका," असं वाटेतच सांगायचे. आठवीपासून तिला खानापूरच्या हायस्कूलला घातलं. सकाळी साडेआठची बस, घरी यायला संध्याकाळचे सहा. मधल्या वेळेत काय झालं ते विचारलं की उत्तर एकच, "काही नाही."

यंदा पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर पालक सभा झाली. टीचर म्हणाल्या, "ही जुलैपासून शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. बोलते म्हणून दोनदा जागा बदलली, आता मागच्या बाकावर बसवलीय." मी घरी येऊन विचार करत बसले. पोरगी रोज संध्याकाळी डोकं धरून बसायची, मी मोबाईलवर राग काढायची. त्याच आठवड्यात बेळगावला नेऊन डोळे तपासले. नंबर मायनस दोन निघाला. फळाच दिसत नव्हता तिला. डोकं दुखतंय हे मला ठाऊक होतं, वहीत बघते हे टीचरना ठाऊक होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला साडेतीन महिने गेले.

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर येतात ती बीईओ ऑफिसची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची परिपत्रकं, कन्नडमध्ये, जशीच्या तशी. माझं माहेर चंदगड तालुक्यात, शिक्षण महाराष्ट्रातलं, मला कन्नड वाचता येत नाही. आमच्या भागात अशा सुना घरोघरी आहेत. मग ते पत्र मुलगीच मला वाचून दाखवते. जिच्याबद्दल शाळेनं काही कळवलंय, तिनंच ते आईला समजावून सांगायचं, आणि तिला नको असेल तो भाग गाळला तर मला कळणारसुद्धा नाही.

माझं मागणं एवढंच आहे: हायस्कूलनं रोज मराठीत चार ओळी कळवाव्यात. आज वर्गात काय झालं, उद्या काय आणायचं, मुलात काही वेगळं दिसलं का. तुम्हाला काय वाटतं?

हायस्कूल शिक्षक, सतरा वर्षं

ताई, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. मी त्या टीचरच्या जागी असतो तर माझ्याकडूनही हेच घडलं असतं, हे कबूल करतो. तरी रोज कळवण्याला माझा विरोध आहे.

आधी कामाचं सांगतो. सॅट्सवर, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदी, दुधाचा आणि अंड्याचा हिशेब, एफएचे म्हणजे घटक चाचण्यांचे गुण चढवायचे, निवडणुकीची कामं. 2025 च्या दसऱ्यात सामाजिक सर्वेक्षणासाठी आम्ही घरोघर फिरलो, त्यासाठी शाळांची सुट्टी वाढवावी लागली. माझ्याकडे चार वर्ग आहेत. रोज प्रत्येक मुलाबद्दल ओळ लिहायची म्हटली तर "चांगला आहे, लक्ष द्या" एवढंच लिहून होईल आणि ते वाचून कुणाचाच नंबर सापडणार नाही.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. एका शाळेत गैरहजेरीचा मेसेज आपोआप जाण्याची सोय केली होती. हजेरी झाली की दहा वाजून पाच मिनिटांनी पालकांना मेसेज. जुलैमधला दिवस, जांबोटी रस्त्यावर झाड पडलेलं, कणकुंबीकडची बस अडकली. दहावीतली एक मुलगी पावणेअकराला भिजून वर्गात आली. तोवर मेसेज गेलेला. वडील गोव्यात बांधकामावर. त्यांनी चुलत्याला फोन केला, "पोरगी शाळेत नाही, कुठं गेली बघ." संध्याकाळी घरी काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. नवव्या दिवशी मुख्याध्यापक आणि मी तिच्या घरी गेलो, हजेरीपट आणि बसमधल्या दुसऱ्या दोन मुलींना बरोबर घेऊन. चहा न घेता दीड तास बसलो. मग पाठवली. पुढं ती पास झाली, पण ते नऊ दिवस मी विसरलेलो नाही. आपल्या भागात मुलीची शाळा बंद व्हायला फार मोठं कारण लागत नाही. एक चुकीची ओळ पुरते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा दिवस थोडा त्याचा स्वतःचा असू द्यावा. काही गोष्टी ती आम्हाला सांगतात, कारण त्या घरी जाणार नाहीत याची त्यांना खात्री असते. ती खात्री गेली तर आम्हालाही कळायचं बंद होईल.

उद्यमबाग, फाउंड्री कामगार

सर, राग मानू नका, पण त्या दिवशी चूक मेसेजची होती काय? बस अडकलीय हे कुणी बघितलं नाही, ही चूक. पावणेअकराला पोरगी आली तेव्हा "आली, बस उशिरा होती" असा दुसरा मेसेज का गेला नाही? एक गेला आणि दुसरा गेला नाही, म्हणून एवढं झालं.

माझं सांगूलोय. माझा पोरगा दहावीला. पालक सभा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, म्हणजे साडेअकराला. माझी पहिली पाळी. भट्टीवरचं काम, मधेच सुटता येत नाही, गेलो तर दिवस बुडतो. तीन वर्षांत मी एकदाच सभेला गेलोय. टीचर बायकोला म्हणाल्या, "मुलाच्या वडिलांना आस्था नाही." आस्था नाही? पाळीवरून आलो की रात्री त्याचं दप्तर उघडून वही चाळतोय मी. त्यात काय लिहिलंय ते सगळं कळतंय असं नाही, पण शेवटच्या पानावरची तारीख बघतोय. तारीख आजची असली की बरं वाटतंय.

दहावीला बसायला 75 टक्के हजेरी लागते. ती कमी पडतेय हे आमच्या शेजाऱ्याला जानेवारीत सांगितलं. जानेवारीत सांगून बापानं काय करायचं?

पीयूसी दुसरं वर्ष, मुलगी

मी आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. दोन वर्षांपूर्वी हायस्कूल सोडलं, म्हणून मुलांच्या बाजूनं लिहिते.

आमच्या वर्गाचा पालकांचा ग्रुप होता. एफए-दोनचे गुण सरांनी कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकले. सगळ्यांची नावं, सगळ्यांचे गुण, कमी गुणांवर लाल गोल. माझ्या गणिताच्या गुणांवर गोल होता. संध्याकाळी मी दुकानात साखर आणायला गेले, तिथं वर्गातल्या मुलाची काकू होती. म्हणाली, "गणित जमेना होय गं तुला?" तिच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती. पण मी साखर न घेता घरी आले. आईला अजून ग्रुप बघायला वेळसुद्धा मिळाला नव्हता, गावाला आधी कळलं.

माझ्या आईला जरूर सांगा. तिला एकटीला सांगा. ग्रुपवर सांगणं म्हणजे घरी सांगणं नव्हे. मुलींचे गॅदरिंगचे फोटोही असेच जातात, पुढं कुणाच्या मोबाईलमध्ये फिरतात ते कुणाला ठाऊक नसतं. 2023 मध्ये केंद्रानं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती धरली आहे. शाळेनं कायद्याची वाट न बघता एवढं पाळावं.

चिकोडीकडचे पालक

दोन्ही बाजू वाचल्या. एक स्पष्ट बोलतो. आपण कर्नाटकात राहतो. मुलं मराठी शाळेतही कन्नड शिकतात, 2015 च्या कायद्यानं ते सक्तीचंच आहे. मग पालकांनी का शिकू नये? मी पस्तिसाव्या वर्षी दुकानाच्या पाट्या वाचत वाचत शिकलो. आज बँकेत, तहसीलदार ऑफिसात, शाळेत, कुठं अडत नाही. प्रत्येक गोष्ट मराठीतूनच पाहिजे म्हणून बसलो तर नुकसान आपल्याच पोरांचं.

खानापूरकडची आई

दादा, मी शिकते आहे. मुलीच्या तिसरीच्या कन्नड पुस्तकातली अक्षरं गिरवते, बसची पाटी वाचता येते आता. परिपत्रकाची कन्नड वाचायला मला अजून चार वर्षं लागतील. तोवर माझी मुलगी हायस्कूलमधून बाहेर पडलेली असेल. गेल्या पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केल्याचं पत्र रात्री ग्रुपवर आलं, मुलगी झोपलेली, मी वाचलं नाही. सकाळी पावसात तिला स्टॉपवर सोडून आले. त्या पत्राखाली "उद्या सुट्टी" एवढे दोन शब्द मराठीत लिहायला कन्नडचा काय अपमान होतो?

आणि हे कुणाच्या मेहेरबानीचं मागणं नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेतूनही सूचना द्याव्यात, ही मागणी आपली माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत. मी तर सरकारी कागदाचंही म्हणत नाही. मराठी शाळेतल्या मराठी शिक्षकानं मराठी आईला मराठीत लिहावं, एवढंच.

मुलीनं लिहिलं ते मात्र मला पटलं. ग्रुपवर कुणाचंही नाव नको. मी आधी तेवढा विचार केला नव्हता.

निवृत्त मास्तर, येळ्ळूर

आमच्या वेळेला दैनंदिनी होती. छोटी वही, डाव्या पानावर शिक्षकाचा शेरा, उजवीकडं पालकाची सही. तिची मोडतोडही मी बघितली आहे. मुलं बापाची सही गिरवायची, आम्ही शेरे फक्त तक्रारीचे लिहायचो. "गृहपाठ अपूर्ण." "वर्गात बडबड." वर्षानुवर्षं घरी वही गेली की मार, असंच समीकरण झालं, म्हणून मुलं ती लपवायची. दोष आमचा होता.

शेवटच्या काही वर्षांत मी एक बदल केला. दररोज सगळ्यांचं लिहायचं नाही. रोज पाच मुलं. पन्नासाचा वर्ग असला तर दहा दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. आणि शेरा बघितलेल्या गोष्टीचा, निकालाचा नाही. "आज डोळे बारीक करून फळ्याकडं बघत होता." "आज जेवणात भात टाकला." "आज धडा स्वतःहून वाचायला उठली." आपण निष्कर्ष काढायचा नाही, घरच्यांनी त्यांच्याकडचं त्यात जोडायचं. वरच्या ताईंच्या मुलीच्या वहीत "बोलते" असं लिहिलं असतं तर काही उपयोग झाला नसता. "शेजारणीच्या वहीत बघून लिहिते" असं लिहिलं असतं तर आईनं डोकेदुखी आठवली असती.

वाचता न येणाऱ्या पालकांसाठी मी संध्याकाळी फोन करायचो. आता आवाजाचा मेसेज पाठवता येतो, ते तर आणखी सोपं.

हायस्कूल शिक्षक, सतरा वर्षं

मास्तर, रोज पाच हे मला जमेल. वर्गशिक्षक म्हणून एकाच वर्गाचं करायचं असेल तर शाळा सुटल्यावर दहा मिनिटांचं काम आहे. फाउंड्रीवाल्या भाऊंचंही खरं आहे, दुसरा मेसेज जायला हवा होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तरी एका गोष्टीवर मी हटत नाही. घरी जाणारा शेरा आधी मुलाला वाचून दाखवायचा. त्याच्या पाठीमागे काही जाणार नाही. एखाद्या मुलीनं "सर, हे नको लिहू" म्हटलं तर मी लिहिणार नाही, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. पालकांना हे आवडणार नाही, ठाऊक आहे.

उद्यमबाग, फाउंड्री कामगार

नाही आवडलं. पोराला विचारून बापाला सांगायचं म्हणजे उलटंच झालं. पोरगा नको म्हणाला तर मला कळणारच नाही, आणि नको म्हणणार ते नेमकं कळायला पाहिजे तेच.

पीयूसी दुसरं वर्ष, मुलगी

काका, मला विचारलं असतं तर मी गणिताचं सांगायला हो म्हटलं असतं. फक्त आईला, आणि लाल गोल न काढता.

खानापूरकडची आई

सरांच्या अटीवर माझं मन अजून तयार नाही. काल मुलीला विचारलं, "डोळ्यांचं तू का सांगितलं नाहीस?" म्हणाली, "मला वाटलं सगळ्यांनाच फळा असाच दिसतो." तिला विचारून लिहायचं ठरलं असतं तरी तिनं नाही म्हटलं नसतं, कारण तिलाच ठाऊक नव्हतं. म्हणजे मास्तरांची बघितलेल्या गोष्टीची वही चालली असती.

पुढच्या शनिवारी आमच्या शाळेत सभा आहे. मी दोनशे पानी वही घेतली आहे, पहिल्या पानावर मास्तरांची ती तीन वाक्यं उदाहरण म्हणून लिहून नेते. रोज पाच मुलं, मराठीत, ग्रुपवर नाही. आधी मुलाला वाचून दाखवायचं की नाही, ते सभेत सगळ्यांसमोर विचारते. आणि सभा संध्याकाळी सहाला ठेवा, पाळीवाल्यांना येता येईल, हेही मांडते. येळ्ळूरच्या मास्तरांना एक विचारायचं राहिलं: पालकांनी उलट काही लिहायचं असेल तर त्याला वहीत जागा ठेवायचात काय? "घरी डोकं दुखतंय म्हणते," असं मला जुलैतच लिहायचं होतं.