‘बसून मिटवा’ म्हणणाऱ्यांनी आधी माझी भिंत बघावी

ओली_भिंत (जळगाव)

परवा आप्पांनी इथं लिहिलं: ‘शेजाऱ्याशी वाजलं तर लगेच पोलिसात पळू नका, वकिलाची नोटीस काढू नका. बिल्डिंगमधलीच तीन समजूतदार माणसं बसवा, चहा ठेवा, अर्ध्या तासात मिटतं.’ खाली पंचवीस-तीस जणांनी हात जोडून ‘लाख बोललात आप्पा’ केलं. मी तेव्हाच लिहिणार होतो, पण आमच्याकडे लाइट गेली होती आणि डोकंही.

तर आप्पा, त्या चहाची हकिकत ऐका. मी दुसऱ्या मजल्यावर. वरच्यांच्या मोरीतलं पाणी माझ्या बेडरूमच्या भिंतीत मुरतं, दोन वर्षं झाली. प्लास्टर पापडासारखं फुगलंय, बोट लावलं की खाली येतं. कपाटाची मागची फळी सुटली. मुलीच्या दहावीच्या पुस्तकांना बुरशी आली, ती उन्हात टाकून पुसून घेतली.

तीन बैठका झाल्या, तिन्ही माझ्याच घरी. पोहे माझ्या बायकोनं केले. मध्यस्थ कोण? चेअरमन, ते वरच्यांचे साडू. सेक्रेटरी, त्यांची वरच्यांच्या दुकानात उधारी. तिसरे काका सगळ्यांनाच घाबरतात, अगदी वॉचमनलासुद्धा. निकाल असा लागला: ‘भाऊ, तुम्ही वॉटरप्रूफ रंग मारून घ्या, खर्च निम्मा निम्मा.’ म्हणजे पाणी त्यांचं, भिंत माझी, रंगारी मी शोधायचा, आणि त्यांचा निम्मा अजून यायचाच आहे.

आपल्याकडे ‘मिटवा’ याचा अर्थ एकच. जो कमी ओरडतो त्यानं गप्प बसायचं.

आप्पा_तापीकाठचे (चोपडा)

भाऊ, राग समजला. पण मी ‘समजूतदार’ लिहिलं होतं, ‘साडू’ नव्हतं लिहिलं.

आता माझं ऐका. शेजारच्याशी सामाईक भिंतीवरून माझा चार वर्षं दावा चालला. नऊ इंचाची भिंत! दर तारखेला रजा टाकायची, एसटी पकडायची, कोर्टाबाहेर झाडाखाली बसायचं आणि ‘पुढची तारीख’ ऐकून घरी यायचं. शेवटी लोकअदालतीत आम्ही दोघं एका बाकावर बसलो, आणि दुपारच्या जेवणाआधी मिटलं. कोर्ट फी परत मिळाली. आता दिवाळीचा फराळ एकमेकांकडे जातो. म्हणून सांगतो, बसलं पाहिजे.

नियमवाला

आप्पा, तुम्ही आंबे दाखवून बोरं विकताय. लोकअदालत म्हणजे बिल्डिंगमधला चहा नव्हे. तिच्यामागे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. साडूंच्या निकालाला कागदाच्या होडीइतकीही किंमत नाही.

धागाकर्त्यांसाठी: आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण सोसायटीची नियमावली, वाचा. गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीनं काढायची, मोरी-संडासाची आतली गळती त्या सदस्यानं स्वखर्चानं. निम्मा-निम्मा हा प्रकार कुठेच नाही. सोसायटी ऐकत नसेल तर गळती, पार्किंग, कमी-जास्त पाणी या तक्रारी सहकार न्यायालयाच्या खात्यात येतात, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम ९१. पोहे करणं बंद करा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

भुसावळ_जंक्शन

नियमवाले साहेब, आमच्याकडे सोसायटीच नाही हो. बिल्डरनं १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली अपार्टमेंट करून दिलं आणि निघून गेला. ना चेअरमन, ना शिक्का. तुमचे उपविधी कोणाला नेऊन दाखवू, लिफ्टला? ती पण बंद आहे.

नियमवाला

मग घर घेताना कागद वाचायचे होते.

भुसावळ_जंक्शन

झालं. आली अक्कल शिकवायला. हप्ते मी भरतो, ज्ञान हे वाटतात.

धुळ्याची_ताई

आप्पा, तुम्ही वडीलधारे, पण एक विचारते. तुमच्या ‘तीन समजूतदार माणसां’त बाई किती?

देवपुरात भाड्यानं राहत होते तेव्हाची गोष्ट. समोरचा माणूस माझ्या स्कूटीला रोज आडवी गाडी लावायचा, काढायला सांगितलं की जिन्यात उभा राहून शिव्या. मी तक्रार केली, बैठक बसली. पाच पुरुष, सतरंजीवर. पहिलाच प्रश्न मला: ‘ताई, तुम्ही पण काहीतरी बोलल्या असाल ना?’ दुसरा: ‘मिस्टर कुठे असतात तुमचे?’ शेवटी दोघांनी एकमेकांची माफी मागायची ठरलं. मी कशाची मागू, सांगा! स्कूटी लावल्याची? अकरा महिने पूर्ण व्हायच्या आत मी घर सोडलं. त्यांच्या वहीत मात्र ‘वाद सामोपचाराने मिटला’ अशी नोंद असेल. हाई खरं शे का आप्पा?

आप्पा_तापीकाठचे (चोपडा)

ताई, ते चूक झालं. फार चूक. पण म्हणून बसायचंच नाही का? गावोगावी तंटामुक्ती समित्या चालल्याच की. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी मोहीम सुरू केली, बांधाचे कितीतरी वाद गावातच मिटले.

धुळ्याची_ताई

मिटले की बक्षिसाचा फलक लागेपर्यंत दाबले, ते गावातल्या बायकांना विचारा. आणि ती मोहीम गावांसाठी. फ्लॅटवाल्यांना कोण आबा?

नियमवाला

आहे ना. २०२३ चा मध्यस्थता कायदा. त्यात सामुदायिक मध्यस्थी म्हणून वेगळं प्रकरणच आहे. वस्तीतल्या शांततेला बाधा आणणारा वाद असेल तर दोन्ही बाजूंच्या संमतीनं विधी सेवा प्राधिकरणाकडे, ते नसेल तिथं जिल्हाधिकारी-प्रांतांकडे अर्ज, मग तिघांचं मंडळ. त्यात महिलांना घेण्याचा विचार करता येईल असंही म्हटलंय. ताईंचा मुद्दा तेवढा बरोबर.

ओली_भिंत (जळगाव)

आणि तिथं ठरलेलं वरच्यानं पाळलं नाही तर?

नियमवाला

सामुदायिक मध्यस्थीतला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येत नाही.

ओली_भिंत (जळगाव)

म्हणजे सरकारी शिक्क्याचे पोहे!

पुण्यात_गेलेला

मी मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात. आमच्याकडे सहाशे फ्लॅट आहेत, ॲपवर तक्रार टाकायची, कोणी कोणाच्या दारात जात नाही. सिंगापूरमध्ये तर १९९८ पासून शेजाऱ्यांच्या भांडणांसाठी सरकारी मध्यस्थी केंद्र आहे, २०१५ पासून वेगळं न्यायाधिकरणसुद्धा. आपल्याकडे अजून साडू आणि सतरंजी. मानसिकता बदलायला हवी.

भुसावळ_जंक्शन

आले, मानसिकतावाले आले. भाऊ, सहाशे फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं नाव माहीत आहे का? आमच्याकडे निदान भांडायला तरी ओळख लागते.

आणि सगळे एक खरी गोष्ट विसरताय. खान्देशात शेजाऱ्यांची भांडणं मोरीवरून होत नाहीत, कूलरवरून होतात. मार्च लागला की प्रत्येक खिडकीत लोखंडी डबा लटकतो, खाली पाणी टपकतं आणि वर पंखा विमानासारखा गरगरतो. माझ्या बाजूच्याचा कूलर माझ्या डोक्याशी चार फुटांवर. त्याला गार हवा, मला रात्रभर घरघर.

बिबडेवाली

कूलरचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी फक्त वाचत होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. पहाटे चारला उठून ज्वारीचा घाटा शिजवला, सासूबाई आणि मी, साड्या अंथरून थापले. सकाळी वर गेले तर एका ओळीवर कुंडातून सांडावं तसं पाणी! टाकीवरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलांनी कूलर भरायला पाइप लावला आणि झोपले. पन्नासेक बिबडे चिखल झाले. मुलं म्हणतात, ‘मावशी, गच्ची सगळ्यांची आहे.’ हो, सगळ्यांची, म्हणजे फक्त तुमच्या पाइपाची का?

भुसावळ_जंक्शन

मावशी, बिबड्यांचं दुःख मोठं. पण गच्चीवर कुरडया-पापड पसरून दीड महिना रस्ता बंद ठेवणाऱ्या बायकाही मी बघितल्यात. आमच्याकडे डिशची छत्री वळवायला गेलो तर ‘भाऊ, चप्पल काढा’!

बिबडेवाली

चप्पल काढायला सांगणारच. खायचंय ते. तुमच्या घरचे हिवाळ्यात गच्चीवर काड्या पेटवून भरताची वांगी भाजतात, तेव्हा आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना आठवडाभर धुराचा वास येतो, आम्ही म्हणतो का काही?

भुसावळ_जंक्शन

भरताला काही बोलायचं नाही. सांगून ठेवतो.

पुण्यात_गेलेला

एसी लावा ना सगळे. निम्मी भांडणं संपतील.

ओली_भिंत (जळगाव)

पंचेचाळीस डिग्रीत बिल तुम्ही भरणार का? आमचे वरचे तर एवढे कंजूष की अजून लोखंडी कूलर वापरतात, वडिलांच्या काळातला. आणि विषय कूलरचा नाही! माझी भिंत!

नियमवाला

नळाला रोज पाणी नाही, तरी लोक रोज कूलरात बादल्या ओततात. यावर आधी सभेत ठराव करा.

भुसावळ_जंक्शन

ठराव करा म्हणे. तुमच्या घरी कूलर नाही का?

नियमवाला

आहे. पण आमचा टपकत नाही.

भुसावळ_जंक्शन

खालच्यांना विचारा!

कूलर_मिस्त्री (जळगाव)

मी वीस वर्षं कूलरचं काम करतो, म्हणून मध्ये बोलतो. ओली_भिंत दादा, तीन प्रश्न आहेत. ओल मोरीकडच्या भिंतीला आहे की खिडकीकडच्या? भिंतीवर पांढरा खार फुटलाय का? आणि पाणी कोणत्या महिन्यात जास्त?

ओली_भिंत (जळगाव)

आता हा कोण उलटतपासणी घेणारा? भिंत खिडकीकडची. पण मोरी तिरपी वरच आहे. खार आहे, मिठासारखा, रोज झाडतो. एप्रिल-मेमध्ये जास्त. जुलैत कमी होतं, कारण पेरणीला वरचे सगळे शेतावर जातात, मोरी वापरतच नाहीत.

कूलर_मिस्त्री (जळगाव)

दादा, मोरी गळत असती तर दिवाळीतही गळली असती. तेव्हा तर घरात पाहुणे, दहा बादल्या जास्त. दिवाळीत भिंत कशी होती?

ओली_भिंत (जळगाव)

…कोरडी होती. दिवाळीला तर रंग मारला होता.

कूलर_मिस्त्री (जळगाव)

तुम्हीच वर लिहिलंय, त्यांचा जुना लोखंडी कूलर आहे. त्याचा तळ आधी गंजतो. मार्चमध्ये आतून डांबर मारलं नाही तर टाचणीएवढं भोक पडतं. पाणी धारेनं पडत नाही, म्हणून दिसत नाही. थेंब थेंब तुमच्या खिडकीच्या छज्जावर पडतो, छज्जाचा उतार उलटा असेल तर साचतो आणि तिथून भिंतीत शिरतो. बोअरचं पाणी खारट, म्हणून खार. खात्री करायची तर त्यांच्या कूलरच्या टाकीत थोडी नीळ टाका. दोन-तीन दिवसांत छज्जा निळा झाला तर मोरी निर्दोष. डांबराचा डबा आणि अर्धा तास, एवढंच काम आहे.

धुळ्याची_ताई

दोन वर्षं, तीन बैठका, एवढे पोहे. कोणीच विचारलं नाही पाणी कधी येतं?

ओली_भिंत (जळगाव)

कोण विचारणार? चेअरमन ‘शेजारधर्म’ यावर बोलत होते. वरचे म्हणत होते मोरीची फरशी मागच्याच वर्षी बदलली, त्याचं बिलही दाखवत होते. मी ते बिल खोटं म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

आप्पा_तापीकाठचे (चोपडा)

मग माफी कोणी मागायची आता?

ओली_भिंत (जळगाव)

आप्पा, आधी छज्जा निळा होऊ द्या. आणि झाला तरी पाणी त्यांचंच आहे, मोरीचं नसेल, कूलरचं असेल. रंगाचा निम्मा मी सोडणार नाही. आणि मध्यस्थी पक्षपाती होती ते होतीच, ते मी मागे घेत नाही.

आप्पा_तापीकाठचे (चोपडा)

नका घेऊ मागे. पण नीळ टाकायला त्यांच्या बाल्कनीत जावं लागेल. बोलणं आहे का?

ओली_भिंत (जळगाव)

नाही. जिन्यात दिसले तर मी मोबाइल बघतो.

आप्पा_तापीकाठचे (चोपडा)

रविवारी जळगावला दवाखान्यात यायचंच आहे. मी तुमचा कोणी नाही आणि वरच्यांचाही कोणी नाही. हवं तर अकराला येतो. मिस्त्री येणार असतील तर बरं, भोक कुठलं ते मला कळणार नाही.

कूलर_मिस्त्री (जळगाव)

रविवारी सीझन आहे, तरी येतो. व्हिजिट दोनशे.

नियमवाला

जे ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. तारीख टाका.

ओली_भिंत (जळगाव)

या. पण या वेळी पोहे आमच्याकडे नाहीत. चहा वरच्यांनी करायचा, तो त्यांना तुम्हीच सांगा.

बिबडेवाली

नीळ टाकायच्या आधी खाली कोणाचं काही वाळत नाही ना, ते तेवढं बघा.