हिरवा दिवा सगळं सांगत नाही

गाडीतला सबवूफर (बासचा मोठा स्पीकर) वाजत नाही, पण ॲम्पचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा, हिरवा दिवा लागतोय म्हणजे ॲम्प ठीक, वूफरच जळाला, नवा घ्या, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. दिवा एवढंच सांगतो की १२ व्होल्ट आणि रिमोट वायरचा (स्टिरिओकडून ॲम्प चालू करणाऱ्या तारेचा) करंट पोचतोय. सिग्नल आत येतोय का, स्पीकरच्या बाजूने काही बाहेर पडतंय का, हे त्यावरून कळत नाही. मध्यंतरी बॅटरी काढली असेल तर आधी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये सबवूफर बंद झालाय का ते बघा.

मग मल्टीमीटर. ॲम्प बंद करून वूफरच्या वायरी सोडवा आणि ओहम, म्हणजे रोध, मोजा. ४ ओहमची कॉइल (वूफरच्या आतलं तारेचं वेटोळं) साधारण ३ ते ४ दाखवते. दोन कॉइलचा असेल तर दोन्ही वेगळ्या मोजा. मीटर काहीच दाखवत नसेल तरी कॉइल गेली असं लगेच ठरवू नका. टर्मिनलपासून (जिथे वायर जोडतात तिथून) कोनपर्यंत (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यापर्यंत) जी विणलेली लवचिक तार जाते ती सतत हलून सोल्डरजवळ आतून तुटते, आणि वरून मात्र शाबूत दिसते. मीटर लावलेला ठेवून कोन दोन्ही बाजूंनी सारखा, हलकेच दाबा. आकडा येत-जात असेल तर दोष तारेचा, आणि ती बदलता येते. माझ्या वूफरचं हेच झालं होतं: हळू आवाजात वाजायचा, बास वाढवला की गप्प. नवी तार थोडी सैल ठेवा आणि सोल्डर तारेत वर चढू देऊ नका, नाहीतर ती कडक होऊन तिथेच पुन्हा तुटते.