मदत हवी आहे : नववी-दहावीच्या मुलांसह सूर्यग्रहणाचे निरीक्षण
नमस्कार. मी अंबाजोगाई तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. २ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढ अमावास्येला, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण असून, मुलांनी ते नुसते न पाहता त्याची मोजमापेही घ्यावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडले, की एक मीटरवरच्या कागदावर सूर्याची सुमारे ९ मिलिमीटरची प्रतिमा पडते. ती दर दहा मिनिटांनी पेन्सिलीने गिरवता येईल. डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात कडुलिंबाखाली पडलेल्या प्रकाशाच्या कोरी मुलांनी ओंजळीत झेलल्या होत्या, तो आनंद मी विसरलेलो नाही.

मात्र ग्रहणात मुलांना घराबाहेर न सोडणाऱ्या पालकांची समजूत कशी घालावी, आणि आभाळ भरून आलेच तर कोणत्या नोंदी घ्याव्यात? असा उपक्रम केलेल्या शिक्षकांनी कृपया सविस्तर लिहावे.