कापूस आपला, पण कायदा मुंबईनं करायचा का दिल्लीनं?

शिवारकर, परभणी
राम राम मंडळी. आमच्या ग्रुपवर एकानं ठणकावून टाकलं की शेती राज्याचा विषय आहे, दिल्लीचा संबंधच नाही. कागदावर बरोबर आहे. घटनेतल्या राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत, १४ नंबरला शेती, २८ नंबरला बाजार. मग २०२० ला संसदेनं तीन कृषी कायदे केले कसे? तर समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र अन् राज्य दोघंबी कायदे करू शकतात त्या यादीतल्या, ३३ नंबरच्या नोंदीवर. ती एकदा वाचाच राव. खाद्यपदार्थ, खाद्यतेलाच्या बिया, जनावराची पेंड, कापूस (सरकी काढलेला असो का न काढलेला), वरून सरकीपण! म्हणजे परभणी-जालन्याचा कापूस अन् लातूरचं सोयाबीन, काहीच सुटलं नाही. पिकवा तुम्ही, विकायची वेळ आली की दिल्ली मधी येणार. मूळ घटनेत कलम ३६९ नं संसदेला हा अधिकार फक्त पाच वर्षांपुरता दिला होता, टंचाईचा काळ होता म्हणून. मुदत संपत आली तसं १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीनं तो कायमचा करून घेतला. माझं म्हणणं सरळ आहे, कापूस अन् तेलबिया ३३ मधून काढा, राज्याला परत द्या. मराठवाड्याचे आमदार ४६ आहेत, २८८ मधी त्यांना काहीतरी वजन आहे. लोकसभेत ५४३ मधी आपले ८, कोण ऐकतंय.

सीमेवरचा, किनवट
दादा, एकाधिकार विसरलात वाटतं. १९७२ पासून जवळपास तीस वर्षं राज्य सरकारनंच कायदा करून सांगितलं की कापूस आमच्याच केंद्रावर घालायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा, राज्याबाहेर नेला तरी गुन्हा. आमच्या किनवट-माहूरहून सीमेपलीकडचं आदिलाबाद हाकेच्या अंतरावर, तिकडं रोख पैसा, इकडं हप्त्याहप्त्यानं चुकारे. मग काय, लोकं रातच्याला चोरून गाड्या काढायचे, स्वतःच्या रानातला माल अन् चोरावानी न्यायचा. तो कायदा दिल्लीनं नाही केला, तुमच्या त्या वजनदार विधानसभेनं केला. जवळचं सरकार मायाळू असतं हे कुणी सांगितलं? २०२० चा कायदा निदान मार्केट कमिटीच्या बाहेर कुठंबी विका म्हणत होता. अन् सूची बदलायची तर घटनेच्या कलम ३६८ प्रमाणं निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते, दिल्लीनं एकटीनं काही हडपलं नाही. आपण १९५४ ला हैदराबाद राज्यात होतो तो भाग वेगळा.

शिवारकर, परभणी
एकाधिकाराचं गुणगान मी कुठं केलं? पण तो मोडायला आंदोलन इथंच झालं, शेतकरी संघटनेनं इथंच रस्ते अडवले, मंत्र्याला इथंच घेरता आलं. २०२० चे कायदे मागं घ्यायला लावायचे तर पंजाब-हरियाणाच्या माणसांना दिल्लीच्या वेशीवर वर्षभर थंडी-ऊन खात बसावं लागलं, किनवटहून कोण जाऊन बसणार होतं तिथं? पंजाब विधानसभेनं ऑक्टोबर २०२० मधी आपली वेगळी बिलं पास केली होती, पण समवर्ती विषयात केंद्राच्या कायद्याशी टक्कर झाली की केंद्राचा टिकतो. राज्याचा टिकवायचा तर कलम २५४ नुसार राष्ट्रपतींची संमती पाहिजे, अन् राष्ट्रपती चालतात केंद्राच्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर अर्ज द्यायचा.

लातूरची वकीलीण
दोघंही सूचीतच अडकलात. कुणी केला हे सोडा, कसा केला ते बघा. जून २०२० ला अध्यादेश काढले, सप्टेंबरला बिलं आणली, बारकाईनं तपासायला ना संसदेच्या स्थायी समितीकडं पाठवली ना प्रवर समितीकडं. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभाजन मागत राहिले अन् आवाजी मतदानानं मंजूर करून टाकलं. राज्यसभा म्हणजे राज्यांचं सभागृह ना? महाराष्ट्राचे १९ जण आहेत तिथं. कोण हो म्हणलं कोण नाही, त्याची नोंदच नाही, आता विचारायचं कुणाला? रद्द करतानाही तीच तऱ्हा, २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांतून एका दिवसात, लोकसभेत तर चर्चेविनाच. अन् शिवारकर दादा, तुमच्या ४६ आमदारांचं वजन म्हणता, तर १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की मुकाट्यानं हात वर करायचा, नाहीतर आमदारकी जाते. मुंबईतही तेच अन् दिल्लीतही तेच.


सीमेवरचा, किनवट
ताई, समितीत गेलं की बिलाचं भिजत घोंगडं होतं. जीएसटीचं बघा की, २०११ चं बिल लोकसभेबरोबर बुडालं, नवीन आणलं ते २०१६ ला पास झालं. शेतकऱ्याला इतकी वाट बघायला परवडतंय का?

जिनिंगवाला, जालना
चालू द्या तुमचं. मी रोज कापसाचा भाव बघतो, तो ना ३३ नं हालतो ना १४ नं. १९ ऑगस्ट २०२५ ला बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे आपल्याकडं वेचणी चालू, बाया रानात, पहिला माल दारात यायच्या टायमाला. कुठलं बिल आलं होतं? कुणी मत दिलं? सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५ नं सूट द्यायचा अधिकार सरकारला आधीच देऊन ठेवलाय, एक अधिसूचना निघाली की झालं. हमीभावाचं तसंच. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ८११० रुपये अन् सोयाबीनला ५३२८ जाहीर केले, कृषी मूल्य आयोगानं शिफारस केली, मंत्रिमंडळानं ठरवलं, पण तो भाव मिळालाच पाहिजे असा संसदेचा कायदा नाही. सूच्यांवर कितीबी भांडा, हे त्यांच्या बाहेरच व्हायलंय.

शिवारकर, परभणी
बाहेर कसं? आयात-निर्यात संघसूचीतच आहे, म्हणजे दिल्लीच. तुम्ही माझंच म्हणणं पक्कं करायलात.

लातूरची वकीलीण
जिनिंगवाले भाऊ, एक दुरुस्ती. कलम २५ ची अधिसूचना संसदेपुढं ठेवावी लागते, त्याच कायद्याचं कलम १५९ बघा. दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर बदलता येते, रद्दपण करता येते. ऑगस्टच्या अधिसूचनेवर आपल्या ८ खासदारांपैकी कुणी असा प्रस्ताव दिला का, एवढंच त्यांना गावात आले की विचारा. सत्कार नंतर करा.

सीमेवरचा, किनवट
विचारतो की. पण शिवारकर दादा, कापूस ३३ मधून काढला अन् उद्या मुंबईनं पुन्हा एकाधिकार आणला तर तुम्ही कुणाकडं जाणार?

शिवारकर, परभणी
संभाजीनगरला, खंडपीठात. कलम ३०१ आहे ना, देशभर व्यापार मोकळा राहील म्हणून.

सीमेवरचा, किनवट
३०१ तवाबी होतं दादा. तरी गाड्या रातच्यालाच जात होत्या.