चाली बांधायला आणि रेकॉर्डिंगला टॅबलेट : कोणता घेऊ?

पेटीवाली_मिरज
नमस्कार. मी कवितांना चाली लावते. चाल सुचली की पेटीवर वाजवत फोनवर रेकॉर्ड करून ठेवते. अशा 400 च्या वर फायली साठल्या आहेत आणि कुठल्या मुखड्याचा अंतरा कुठे आहे, ते मलाच सापडत नाही. आता आवाज, पेटी, तानपुरा वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचेत. तबलजी सोलापूरला असतात, त्यांच्याकडून ठेका मागवून त्यात बसवायचाय. लॅपटॉपवर हात बसत नाही. टॅबलेटवर जमेल का? सगळं मिळून 50 हजार आहेत.

काळी_चार
जमेल ताई, मी बरीच वर्षं टॅबलेटवरच करतोय. आयपॅड घ्या, पण साधाच, प्रो नको. 2022 पासूनच्या साध्या आयपॅडला यूएसबी-सी आहे, त्यामुळे छोटा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज टॅबलेटमध्ये नेणारी डबी) थेट जोडता येतो. गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं अ‍ॅप फुकट आहे, 32 ट्रॅकपर्यंत जातं, तुम्हाला सहा-सात पुरतील. वाचलेले पैसे माइक आणि इंटरफेसवर घाला, आवाज तिथेच सुधारतो. कंडेन्सर माइक (वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा) घेणार असाल तर इंटरफेसवर त्याला वीज देणारा 48 व्होल्टचा फँटम पॉवर आहे ना, ते विचारून घ्या.

हेडफोन वायरचाच हवा आणि तो इंटरफेसला लावायचा. ब्लूटूथवर स्वतःचा आवाज इतका उशिरा ऐकू येतो की लय हातात राहत नाही.

आणि एक, नवे सगळे इथेच अडतात: गॅरेजबँडमध्ये सेक्शन, म्हणजे गाण्याचा एक तुकडा, आधीपासून 8 बारचा असतो (बार म्हणजे मात्रांचा एक गट). आठ बार झाले की त्यापुढचं रेकॉर्डच होत नाही. वर उजवीकडच्या अधिकच्या (+) चिन्हात जाऊन तो 'ऑटोमॅटिक' करा.

रियाज_रोज
माझा अँड्रॉइड आहे. बँडलॅब हे रेकॉर्डिंगचं अ‍ॅप फुकट आहे, क्युबेसिस आणि एफएल स्टुडिओ मोबाइल ही अ‍ॅपही चालतात. पण आवाज किती उशिरा परत येतो ते मॉडेलगणिक बदलतं. तुमचा इंटरफेस जोडून, गाऊन बघितल्याशिवाय अँड्रॉइड घेऊ नका.

पेटीवाली_मिरज
दोघांचे आभार. माझ्या बऱ्याच चाली रूपकात आहेत, दोन-तीन झपतालात. अ‍ॅपमधल्या मेट्रोनोमवर (लयीची टिकटिक) त्या कशा बसवायच्या?

काळी_चार
बसत नाहीत. आयपॅडच्या गॅरेजबँडमध्ये 4/4, 3/4 आणि 6/8 एवढेच तालाचे पर्याय आहेत. केहेरवा, दादरा, त्रिताल निभावतात. रूपकाच्या 7 मात्रा त्या चौकटीत मावत नाहीत, सम दर आवर्तनाला सरकते. म्हणून मेट्रोनोम बंदच ठेवा. फोनवरच्या तबला अ‍ॅपचा ठेका वायरने इंटरफेसमध्ये घेऊन पहिल्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि त्यावर गा. सुरुवातीला एक टाळी वाजवून ठेवा. सोलापूरच्या तबलजींनाही तीच टाळी ऐकून त्यांच्या ट्रॅकवर वाजवायला सांगा, दोन्ही टाळ्या जुळवल्या की ट्रॅक जागेवर बसतो. नंतर अ‍ॅपचा ठेका काढून टाकायचा.

त्यांना फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता ठेवणारा फाइलचा प्रकार), ड्राइव्हवरून पाठवा.

सुरात_लावा
पेटीबद्दल सांगते, कारण यात माझे दोन महिने गेले. जुनी पेटी 440 ला (440 हर्ट्झ, हल्लीचा प्रमाण सूर) असेलच असं नाही. माझी चांगलीच चढी होती आणि तानपुरा अ‍ॅप तिच्याशी भांडत राहायचं. अ‍ॅपचा षड्ज पेटीला मिळवा, पेटीला हात लावू नका. पेटीवर लांबवलेला सा मिनिटभर रेकॉर्ड करून तबलजींनाही आधी पाठवा, म्हणजे तबला त्या सुराला लागेल.

माइक भात्याच्या बाजूला नको, श्वासासारखा आवाज येतो. सुरपट्टीच्या थोडा वर, समोरून दीड-दोन फुटांवर ठेवा. पेटी आणि गळा एकाच वेळी घेऊ नका, नाहीतर गळ्याच्या माइकमध्ये पेटी शिरते आणि नंतर वेगळी काढता येत नाही. पंखा बंद, खिडकीवर जाड गोधडी.

पेटीवाली_मिरज
ताई, माझी पेटी वडिलांची आहे. तिला हात लावायचा नाही म्हणालात, बरं वाटलं. आज रात्री अ‍ॅपचा सा तिच्याशी मिळवून बघते.